पाचोळा कुठं पडतो

दुकानात शिरल्या शिरल्या अर्लिस टोलेफसन यंत्राच्या मागच्या बाजूला गेली आणि वाकून बघायला लागली. तिचा नवरा ऑर्विन मात्र समोरच खिळून उभा राहिला, कारण समोरून यंत्र लालभडक होतं.

“हेच घेऊन टाकू,” तो म्हणाला.

“अजून पाहिलं कुठं आपण?”

“मी पाहिलं की. काय रुबाब आहे बघ!”

आता या माणसाला काय सांगायचं? ऑर्विन मिलवॉकीचा, शहरातला. चव्वेचाळीस वर्षांपूर्वी विस्कॉन्सिनच्या या डोंगरी भागात शाळेत बँड शिकवायला आला, अर्लिसच्या प्रेमात पडला आणि इथंच राहिला. चाळीस पोरांच्या गोंगाटात कुणाचा सूर केसभर चुकला ते त्याला डोळे मिटून कळायचं, पण ट्रॅक्टरमधलं तेल संपलंय हे ट्रॅक्टरनं ओरडून सांगितलं तरी कळायचं नाही. घरातला ट्रॅक्टर अर्लिसचा. वयाच्या नवव्या वर्षी बापानं तिला ट्रॅक्टरवर बसवलं, त्याला चौसष्ट वर्षं झाली.

दुकानदार डेल हात पुसत आला. लहानपणी दर रविवारी चर्चमध्ये अर्लिसनंच त्याला गोष्टी सांगून गप्प बसवलं होतं, त्यामुळे आता टक्कल पडलं तरी तिच्यापुढं तो ताठ उभा राहायचा.

“मिसेस टोलेफसन, डोळे झाकून न्या. पाचोळा उडवायला याच्या तोडीचं यंत्र नाही. बसल्या जागेवरून दांडा ओढला की तोंड डावीकडं, ढकलला की उजवीकडं. ओला पाचोळासुद्धा कुठल्या कुठं फेकतं.”

“आणि त्याला ताकद किती लागते?”

“तुमचा ट्रॅक्टर पंचवीस हॉर्सपॉवरचा ना? मग झालं की!”

“पंचवीस इंजिनाला. मागं पीटीओच्या, म्हणजे यंत्र फिरवायच्या दांड्यापर्यंत पोचते एकोणीस. पंखा त्या दांड्यावर फिरणार आहे, इंजिनावर नाही. तुझ्या या लाल नवरदेवाला किती लागते ते सांग.”

डेलनं यंत्राच्या अंगावरची पट्टी वाचली. बहुतेक पहिल्यांदाच वाचत होता. “तीस,” तो हळूच म्हणाला.

“मग हे झालं नाकापेक्षा मोती जड. चढणीवर माझा ट्रॅक्टर धापा टाकून मरेल. ते कोपऱ्यातलं काय आहे?”

कोपऱ्यात एक नारिंगी यंत्र होतं, लाल यंत्राच्या निम्म्या आकाराचं. त्याला पंधरा हॉर्सपॉवर पुरत होती. तोंड मात्र एकाच बाजूला, उजवीकडं, आणि तेही पक्कं जोडलेलं. अर्लिसनं पात्यांवर बोट फिरवलं, पंखा हातानं फिरवून कान लावून ऐकला, जोडायच्या तीन कड्या आपल्या ट्रॅक्टरला बसतील का ते वितीनं मोजलं. मग मनातल्या मनात घराची चढण चढून पाहिली. चढताना डावीकडं त्यांचं अंगण, बांधाच्या वर. उजवीकडं उतार. उजवीकडं भिरकावलं की गेलं, परत यायचं नाव नाही.

“हे घेते,” ती म्हणाली.

“नारिंगी?” ऑर्विनचा चेहरा पडला.

“शिकाऱ्यांच्या जाकिटाचा रंग आहे. या दिवसांत उठून दिसेल.”

ही खरेदी हौसेची नव्हती. त्यांच्या घराला गॅसच्या टाकीवर ऊब मिळायची, आणि टाकी भरायला मोठी गाडी ती चढण चढून वर यायची. गेल्या फेब्रुवारीत बर्फाखाली ओला पाचोळा राहिला, गाडी वळणावर घसरली आणि मागचं चाक चरात गेलं. चालक व्हर्लिन, तोंडातून शब्द काढला तर कर भरावा लागेल अशा तऱ्हेनं बोलणारा माणूस. त्यानं दारात चिठ्ठी लावली : ‘पुढच्या खेपेला चढणीवर पाचोळा दिसला तर गाडी वर येणार नाही. नियम आहे.’ मुलाला, टॉडला, हे कळलं आणि त्याला तेवढंच निमित्त पाहिजे होतं. गावात म्हाताऱ्यांसाठी बांधलेल्या इमारतीत त्यानं दोन खोल्या बघून ठेवल्या, नाव घातलं आणि त्या जागेचं रंगीत पत्रक आईच्या फ्रिजवर चुंबकानं चिकटवून गेला.

“गॅस आला तर राहा,” तो म्हणाला होता. “नाही आला तर एक डिसेंबरला सामान हलवायचं. हुज्जत नको, आई.”

अर्लिस त्या खोल्या बघून आली होती. स्वच्छ होत्या, लिफ्ट होती, बुधवारी पत्त्यांचा डाव असायचा. खिडकीतून गाड्या लावायची जागा दिसायची. घरी आल्यावर ती ओट्यापाशी उभी राहून चक्क रडली. त्याच ओट्यापाशी तिची आई उभी राहायची. हे घर सोडायचं म्हणजे तिला जिवावर आलं होतं, आणि हे ती ऑर्विनशिवाय कुणाला सांगणार नव्हती.

गॅसची गाडी शुक्रवारी दहाला यायची होती. बुधवारी अर्लिसनं यंत्र जोडलं, कानाला मफलर बांधला आणि चढणीला लागली. आहाहा! नारिंगी यंत्रानं काय काम केलं म्हणता! ओकची पानं म्हणजे चिवट जात, पावसात कातड्यासारखी चिकटून बसते. पण सगळी उठली, उजवीकडं उडाली आणि उतारावरून खाली दिसेनाशी झाली. दोन फेऱ्यांत चढण नव्या नवरीच्या उंबऱ्यासारखी लख्ख. ऑर्विननं वर पायरीवर उभं राहून टाळ्या वाजवल्या. अर्लिसनं ट्रॅक्टरवरून त्याला राणीसारखा हात हलवला. यंत्र किती उडवतं, किती लांब उडवतं, ताकद किती खातं, सगळं तिनं विचारून घेतलं होतं. उडालेलं कुठं जाऊन पडतं, तेवढं विचारायचं राहून गेलं.

शुक्रवारी सकाळी सात वाजता ती न्याहारी करत होती. रात्रभर वारा सुटला होता आणि ओकांनी उरलीसुरली पानं पुन्हा चढणीवर टाकली होती. तरी ती निश्चिंत होती. नऊला ट्रॅक्टर काढायचा, दोन फेऱ्या मारायच्या, दहाला गाडी.

“अगं, सांगायचं राहिलं,” ऑर्विन पावाला लोणी लावत म्हणाला. “काल तू चर्चमध्ये जेवणाच्या तयारीला गेलीस ना, तेव्हा मिल्टन येऊन गेला.”

मिल्टन स्कोगन खालच्या बाजूचा शेजारी, एक्क्याऐंशी वर्षांचा, एका गुडघ्यानं अधू.

“काय म्हणत होता?”

“काही नाही. दारातच उभा होता. कॉफी घे म्हटलं तर नको म्हणाला, पुन्हा म्हटलं तर नको म्हणाला. मग मी आग्रह केला नाही.”

“अरे देवा! ऑर्विन, चव्वेचाळीस वर्षं झाली तुला इथं! तिसऱ्यांदा विचारायचं असतं. तिसऱ्यांदा माणूस हो म्हणतो.”

“मला काय माहीत! नको म्हणजे नको असं माझ्या आईनं शिकवलंय. बाकी खूश होता तो. आपल्या यंत्राचं कौतुक करत होता.”

“काय म्हणाला? नेमकं सांग.”

“म्हणाला, ‘यंत्र वेगळंच आहे.’”

अर्लिसनं चमचा खाली ठेवला. या खोऱ्यात कुणी कुणाला वाईट म्हणत नाही. पोराचं लग्न मोडलं, कोठाराला आग लागली, तरी माणसं ‘बरं चाललंय’ म्हणतात. आणि ‘वेगळंच आहे’ असं म्हणाली, तर आपण त्यांचं काय मोडलं ते मुकाट्यानं शोधायला लागावं.

ती उठून मागच्या खिडकीशी गेली.

उताराच्या पायथ्याशी मिल्टनची वाट होती. जुना लाकडं ओढायचा रस्ता, ओढ्याच्या कडेनं चारशे पावलं जाणारा, टोकाला दुभंगलेल्या ओकावर मिल्टनचं मचाण. उद्या, शनिवारी उजाडताच हरणाच्या शिकारीचा हंगाम सुरू व्हायचा होता. दर वर्षी त्याआधी मिल्टन आठवडाभर खपून दाताळ्यानं ती वाट पान अन् पान साफ करायचा. का, तर पहाटे अंधारात मचाणाकडं जाताना पायाखाली एक पान जरी चुरचुरलं तरी हरीण मैलभर पळतं. बासष्ट वर्षं तो माणूस त्या वाटेनं मुक्यानं चालत गेला होता. आणि अर्लिसनं बुधवारी तिच्यावर गुडघाभर पाचोळा ओतला होता.

खाली एक नारिंगी ठिपका हलत होता. मिल्टन दाताळं मारत होता. पन्नासेक पावलं झाली असतील, साडेतीनशे बाकी होती.

“मी काल साफ केली असती गं, कळलं असतं तर,” ऑर्विन तिच्या मागं येऊन ओशाळून म्हणाला.

“तू? दाताळं कुठल्या टोकानं धरतात ते तरी ठाऊक आहे का?” एवढं बोलून ती कोट चढवायला लागली.

“आणि गॅस?”

ती थांबली. हिशोब सरळ होता आणि वाईट होता. वाट आजच, आणि दहा-साडेदहाच्या आत व्हायला हवी. हंगामाच्या आदल्या दिवशी त्यानंतर ओढ्याकडच्या रानात कुणी यंत्र लावत नाही, हरणं बिथरतात. चढणही आजच, दहाच्या आत. आणि चढणीचा पाचोळा आता उजवीकडं उडवता येणार नव्हता, नाहीतर साफ केलेली वाट पुन्हा गाडली जायची. उतरताना अंगण उजव्या हाताला येतं; तिकडं, बांधावरून वर फेकायचा, म्हणजे तीन-चार फेऱ्या, तासाभराचं काम. वाटेला तीन तास तरी लागणार होते. दोन्ही मावत नव्हतं.

“अर्लिस, तो काही बोललेला नाही,” ऑर्विन हळूच म्हणाला. “बोलणारही नाही.”

“तेच तर! भांडला असता तर मीही भांडले असते आणि मोकळी झाले असते.” तिनं टोपी कानापर्यंत ओढली. “घाण मी केली. आता स्वतःची चूल गरम ठेवायला त्याची वाट बुडवू? मग या घरात राहून तरी काय तोंड दाखवायचं त्याला?”

ऑर्विननं तिचे हातमोजे आणून दिले.

सडकेनं वळसा घालून ती मिल्टनच्या फाटकातून आत गेली. त्यानं ट्रॅक्टर पाहिला आणि दाताळ्यावर रेलून उभा राहिला.

“मिल्टन, बाजूला हो.”

“राहू दे गं. हातानं होतं. अंग मोकळं होतं तेवढंच.”

“बाजूला हो म्हणते ना.”

“तुझी गॅसची गाडी यायचीय आज. उगाच त्रास कशाला?”

“मिल्टन स्कोगन, बाजूला होतोस की तुलाही ओढ्यात उडवू?”

हे तिसरं होतं. मिल्टन बाजूला झाला.

काम सोपं नव्हतं. पाचोळा थरावर थर दाबून बसलेला, खालचा भिजका. नारिंगी यंत्र वरचा थर उडवायचं आणि खालच्याला नुसत्या गुदगुल्या करायचं. तिनं सगळ्यात हळू गियर टाकला, पंख्याला पूर्ण वेग दिला आणि त्याच जागेवरून दोनदा, तीनदा गेली. पाचोळा ओढ्याकडं उडत होता. मागून मिल्टन लंगडत यायचा आणि चुकून राहिलेलं पान काठीच्या टोकानं उचलून टाकायचा. एक पान, मग एक पान. तिला हसूही येत होतं आणि स्वतःचा रागही.

पावणेदहाला, शंभर पावलं उरली असताना, सडकेवर भोंगा वाजला. गाडी लवकर आली होती. ओकांच्या उघड्या फांद्यांतून तिला ती पांढरी टाकी चढणीच्या तोंडाशी थांबलेली दिसली. खिडकी, ओटा, ती गाड्या लावायची जागा, सगळं एकदम डोळ्यांपुढं आलं. आत्ता गेली असती तर हातापाया पडून काहीतरी जमलं असतं. मिल्टनही थांबला होता आणि सडकेकडं बघत होता.

“जा,” तो म्हणाला.

“शंभर पावलं आहेत,” अर्लिस म्हणाली आणि पुन्हा गियर टाकला. त्या शंभर पावलांत तिनं एकदाही मान वर केली नाही.

परत सडकेवर आली तेव्हा तिला वाटलं होतं, तिथं टायरच्या खुणा असतील आणि एक चिठ्ठी. पण गाडी होती. इंजिन बंद होतं. ऑर्विन आणि व्हर्लिन टपालपेटीपाशी उभे राहून थर्मासमधली कॉफी पीत होते. व्हर्लिनच्या हातात लेफ्सेची, म्हणजे बटाट्याच्या पातळ पोळीची सुरळी होती, लोणी-साखर लावलेली.

“याला मी तीनदा विचारलं,” ऑर्विन छाती काढून म्हणाला.

अर्लिस ट्रॅक्टरवरून उतरली. “उशीर झाला. चढण अजून—”

“दिसतेय,” व्हर्लिन म्हणाला. “दहा मिनिटं थांबून निघणार होतो. मग विचारलं, बाई गेल्या कुठं? हे म्हणाले, मिल्टनची वाट साफ करतायत.” त्यानं घास गिळला. “मिल्टनची म्हणजे ती ओढ्याकडची? दुभंगलेल्या ओकाची?”

“तीच.”

“हंगामाच्या आदल्या दिवशी.”

“पाचोळा मीच टाकला होता तिथं.”

व्हर्लिननं बराच वेळ मान हलवली. त्याच्याही गाडीत मागं नारिंगी जाकीट टांगलेलं होतं. “नियम असा आहे की चढणीवर पाचोळा नको,” तो म्हणाला. “किती वाजता नको, ते लिहिलेलं नाही. तुमच्याकडं दुसरं दाताळं आहे का?”

मग काय सांगावं! अर्लिस वरून खाली, पुन्हा वर, पुन्हा खाली. बांधावरून निसटून परत येणारा पाचोळा व्हर्लिन आणि ऑर्विन दाताळ्यानं वर ढकलत होते. ऑर्विननं दाताळं बरोबर टोकानं धरलं होतं. सगळा पाचोळा गेला तो स्वतःच्या अंगणात : तिच्या रासबेरीच्या ताटव्यावर आणि ऑर्विनच्या लाडक्या हिरवळीवर, जिथं तो उन्हाळ्यात लाकडी चेंडू ठोकत बसायचा.

“अगं माझी हिरवळ!” तो खालून ओरडला.

“एक डिसेंबरला तुला लिफ्टमध्ये चेंडू खेळायचाय का?”

त्यानं आणखी एक ढीग वर ढकलला.

सव्वाअकराला गाडी चढणीला लागली. वळणावर चाकं एकदा कुरकुरली, डांबराला धरून राहिली आणि गाडी वर गेली. टाकी काठोकाठ भरली. व्हर्लिननं जाताना चिठ्ठी लावली नाही. नुसती दोन बोटं टोपीला लावली.

संध्याकाळी टॉड बंदूक आणि जाकीट घेऊन आला. चढण पाहिली, टाकीवरचा काटा पाहिला, मग गुडघाभर पाचोळ्यात बुडालेलं अंगण पाहिलं.

“आई, हे काय झालंय?”

“वेगळंच आहे ना?” अर्लिस म्हणाली आणि त्याच्या ताटात बटाटे वाढले. टॉड इथंच वाढलेला होता. पुढं काही विचारायची त्याची छाती झाली नाही.

शनिवारी दुपारी मिल्टन आला. दारातच उभा राहिला. हवेबद्दल बोलला. गुडघ्याबद्दल बोलला. ऑर्विननं कॉफी विचारली, तो नको म्हणाला; पुन्हा विचारली, नको म्हणाला; ऑर्विननं अर्लिसकडं बघत तिसऱ्यांदा विचारली आणि मिल्टन आत येऊन बसला. त्यानं अर्धा कप संपवला.

“पाऊल वाजलं नाही,” मिल्टन कपात बघत म्हणाला. “चारशे पावलांत एकदाही नाही. हरणाचा एक मोठा नर मचाणापासून वीस पावलांवर उभा होता. त्याला मी आल्याचा पत्ताच नाही.”

“मारलात?” टॉड पुढं सरकला.

“नाही.”

“का?”

“शिंक आली.”

पहिल्यांदा ऑर्विनला हसू फुटलं, मग टॉडला, मग अर्लिस पोट धरून टेबलावर वाकली. मिल्टनही हसला. बासष्ट वर्षांत अशी शिंक आली नव्हती म्हणाला. उद्या पुन्हा जाणार होता, वाट तर साफच होती.

जायला निघाला तशी अर्लिस त्याला लेफ्से बांधून द्यायला उठली. कागद शोधायला लागली, आणि तिची नजर फ्रिजवर गेली. तिनं चुंबक बाजूला केला, ते रंगीत पत्रक काढलं, त्यात सहा सुरळ्या नीट गुंडाळल्या आणि दोरा बांधला. टॉड बघत होता. त्यानं दोऱ्याच्या गाठीवर बोट धरलं.

“मिल्टन,” ती पुडकं त्याच्या हातात देत म्हणाली, “पुढच्या वर्षी हंगामाच्या आधी गुरुवारी मी यंत्र घेऊन खाली येते.”

“नको गं. हातानं होतं.”

“येते.”

“तुला उगाच त्रास.”

“येते म्हणते ना.”

मिल्टननं पुडकं कोटात घातलं. “सकाळी ये मग,” तो म्हणाला. “कॉफी ठेवतो.”